ही मागून ढकलते

पहिली गाडी निवडण्यासाठी मी एक तक्ता केला होता. त्यात अकरा जुन्या गाड्या आणि सात रकाने होते. आठवा रकाना दादाने पेन्सिलने वाढवला, त्याला 'अक्कल' असे शीर्षक दिले आणि सगळ्या गाड्यांसमोर शून्य लिहिले.

माझी गरज साधी होती. वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. ती घरापासून बावीस किलोमीटर लांब, आणि तिकडे जाणारी एकुलती एक बस महिन्यापूर्वी बंद झालेली. उमेदवारीच्या काळात तीनदा उशीर झाला की नोकरी जाते. माझा दोनदा झाला होता. सोमवारपासून गाडी हवीच होती.

एवढ्यावर भागले असते तर कोणतीही गाडी चालली असती. पण एका बंद कारखान्याच्या सिमेंटच्या आवारात दर रविवारी सकाळी काही मंडळी ड्रिफ्टिंग करत, म्हणजे वळणावर मागची चाके मुद्दाम घसरवून गाडी आडवी नेत. दोन वर्षे मी तिथल्या कुंपणाला टेकून मनातल्या मनात घर्षणाची गणिते सोडवत होते. आता मला कुंपणाच्या आत जायचे होते. त्यासाठी इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणारी गाडी लागते. पुढची चाके ओढतात ती गाडी नाकासमोर चालते. दादाच्या मते तेवढीच घेण्यालायक.

"तुला गाडी हवीय की सर्कस?" त्याने विचारले.

"दोन्ही. आणि माझ्या ऐपतीत."

बारावी गाडी निवृत्त झालेल्या भूगोलाच्या एका मास्तरांची होती. त्यांच्या दारात बुटांचे दोन जोड होते. एक त्यांचा, पॉलिश केलेला. दुसरा बायकी, लहान मापाचा. त्याची टोके टाचांपेक्षा जास्त झिजलेली होती. सर्वसाधारण चालीत असे होत नाही, एवढी नोंद मी मनाशी केली. घरात दुसरे कोणी दिसले नाही.

मास्तरांनी गाडीचे दोष हजेरी घ्यावी तसे सांगितले. दुसरा गिअर कुरकुरतो. हॉर्न थंडीत वाजत नाही. रेडिओवर एकच केंद्र लागते, तेही हवामानाचे. इतका प्रामाणिक विक्रेता मी पाहिला नव्हता. प्रश्न एकच उरला. या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्या मागच्या चाकांवर चालत, नंतरच्या पुढच्या. ही नेमकी बदलाच्या वर्षातली.

"मास्तर, पुढून ओढते की मागून ढकलते?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला तेच हवंय."

"ही मागून ढकलते," ते हळू आवाजात म्हणाले. "आधी गाडी बंद पडली तरच ढकलायची. आता तीन वर्षं झाली, चालू असतानाही ढकलते."

वाक्याला अर्थ नव्हता. पण भूगोलाच्या माणसाकडून यंत्रशास्त्राची अपेक्षा धरू नये. चक्कर मारताना कोपऱ्यावरच्या ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग अलगद बाहेर सरकला, आणि माझा तक्ता तिथेच निकालात निघाला.

गाडी घेतली. शनिवारी गॅरेजमध्ये मिस्त्रींनी ती वर उचलली. खाली जाऊन त्यांनी टॉर्च फिरवला.

"मॅडम, ही पुढची चाकं ओढणारी आहे."

"मास्तर म्हणाले..."

"मास्तर काहीही म्हणू देत हो. मागच्या चाकांकडे जाणारा दांडाच नाही. मागून ढकलणार कोण?" ते हसले. मग डिकीकडे पाहून हसायचे थांबले. तिथल्या धुळीत दोन तळहातांचे ठसे होते. लहान, बोटे फाकलेली.

"कुणीतरी गिऱ्हाईक असेल," मी म्हणाले.

"असेल," असे म्हणून त्यांनी फडक्याने डिकी पुसली. ते फडके मात्र त्यांनी टाकून दिले.

रविवारी मी कुंपणाच्या आत गेले. हँडब्रेक ओढून कोणत्याही गाडीची मागची चाके घसरवता येतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्याला हात लावला नाही. जमीन कोरडी, वेग चाळीस. पहिल्याच वळणावर गाडी अशी देखणी आडवी झाली की कुंपणावरची मंडळी टाळ्या वाजवू लागली. दादाने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्याच्या हातातला चहा सांडला.

पाठीला मात्र एक गोष्ट जाणवली. प्रत्येक धक्का दोन टप्प्यांत येत होता. आधी कोणी पाय रोवावेत तसा. मग जोर लावावा तसा.

परतल्यावर डिकीवर ठसे होते. मी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, 'ही' म्हणजे गाडीच ना?"

"गाडीला 'ही' कशाला म्हणेन? गाडीला मी गाडीच म्हणतो."

मी मोकळा तळहात एका ठशाशेजारी धरून पाहिला.

"आमची बॅटरी कायम उतरलेली. ही ढकलायची, मी क्लच सोडायचो. इंजिन एकदा लागलं की थांबायची सोय नव्हती, परत बंद पडलं असतं. ही धावत येऊन चालत्या गाडीत बसायची. मागच्या डाव्या दारानं."

"आणि तीन वर्षांपूर्वी?"

"त्या दिवशी मी मागं बघितलं नाही," ते म्हणाले. "शाळेला उशीर होत होता. ही दारापर्यंत पोहोचलीच नाही."

मग ते म्हणाले, "तुम्ही एकदा थांबून दार उघडून बघा. मला धीर झाला नाही."

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण प्रयोगाला विश्वास लागत नाही. त्यातली अडचण मला स्पष्ट दिसत होती: ती आत बसली, तर ढकलणार कोण?

सोमवारी सकाळी घराच्या फाटकापाशी मी गाडी थांबवली. मागच्या टायरपासून वरच्या पत्र्यापर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजले. ब्याण्णव मिलिमीटर. मागचे डावे दार उघडले आणि तीस आकडे मोजले. दार लावून पुन्हा पट्टी धरली.

एकोणऐंशी. गाडी मागून तेरा मिलिमीटर खाली बसली होती.

मी पट्टी तीनदा लावली. मग कामाला निघाले आणि चार मिनिटे आधी पोहोचले. आठवडाभर एकदाही उशीर झाला नाही. डिकी स्वच्छ राहिली. माझ्या हातून काहीतरी सभ्य घडले आहे असे वाटत होते, आणि मी त्याचे कारण स्वतःला विचारत नव्हते.

पुढच्या रविवारी गाडी नाकासमोर चालली. पहिल्या वळणावर खुणेसाठी मांडलेले तीन शंकू तिने आडवे केले, दुसऱ्यावर चार.

"मॅडम, भाजी आणायला निघालात का?" कोणीतरी ओरडले.

"आठव्या रकान्यात पहिला मार्क!" कुंपणावरून दादा म्हणाला. त्याला आयुष्यात क्वचितच इतका आनंद झाला असेल.

तिसरे वळणही हुकले. "जाऊ दे," मी पुटपुटले, "नाही जमलं तर नाही."

गाडीत मी एकटीच होते, हे इथे नमूद करते.

चौथ्या वळणाला वेग चाळीस होता. समोर दार उघडे असल्याचा लाल दिवा लागला.

मागून वारा आत आला.

मग मागचे डावे दार मिटले. हलकेच. चालवणाऱ्याला त्रास न देण्याची सवय असलेल्या माणसाने मिटावे तसे. दिवा विझला.

एक टप्पा. पाय रोवल्याचा.

गाडी इतकी सुरेख आडवी झाली की दादासुद्धा ओरडला.

थांबावे, असे एकदा मनात आले. आरशात बघावे, असेही आले.

मी बघितले नाही. वळण फार छान जमत होते.