दस्त वाचून दाखवण्यात आला

न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या मुलांचे पेपर काढायचं काम निवृत्त न्यायाधीशांकडे येतं, कारण आमच्याकडे वेळ असतो आणि दुसरं कुणी आम्हाला काही विचारत नाही. मी दिवाणी न्यायालयात अठ्ठावीस वर्षं बसले. वर जायची वेळ आली तेव्हा मला ज्युनिअर असलेले दोघे गेले आणि मी तिथेच राहिले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

त्या वर्षी दिवाणी, करार आणि मालमत्ता कायद्याचा पेपर माझ्याकडे आला. आठ प्रश्न. सात मी दोन दिवसांत लिहिले. चौथा राहिला. करारातली संमती मोकळेपणाने दिलेली आहे की नाही, हे मुलांना ओळखता यावं असं एक उदाहरण हवं होतं. तथ्यं तयारच होती, ती मी कागदावर उतरवली. इतकंच.

‘“क” ही वृद्ध विधवा भावाच्या मुलांसोबत राहते. राहत्या घरात तिचा निम्मा हिस्सा आहे. कोणताही मोबदला न घेता ती तो हिस्सा भाच्याच्या नावे सोडून देते. दस्त तिला वाचून दाखवण्यात आला व तिने सही केली. दोन वर्षांनी तिचे म्हणणे आहे की संमती मुक्त नव्हती. निर्णय द्या.’ गुण पंधरा.

उत्तरपत्रिका तपासायला आम्हाला एका सरकारी इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा हॉल दिला होता. लांब टेबलं, पाठ टेकली की कुरकुरणाऱ्या खुर्च्या, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, का ते कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. मोबाइल दारात जमा करायचा. उत्तरपत्रिकांवर नाव नाही, नंबर नाही, नुसता बारकोड आणि केंद्राचा आकडा. मुख्य परीक्षक म्हणून एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश होते. हयातभर त्यांनी निकाल कमी आणि तारखा जास्त दिल्या, म्हणून आम्ही त्यांना मागून तारीखसाहेब म्हणायचो. त्यांनाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एका बऱ्या अक्षराच्या उत्तरपत्रिकेत चौथ्या प्रश्नाखाली हे वाक्य आलं: ‘“क” ला दस्त वाचून दाखवण्यात आला, मात्र त्यात जे लिहिले होते ते वाचले गेले नाही.’

मी लाल पेनने खाली रेघ मारली. ‘प्रश्नाबाहेरचे’, असं समासात लिहिलं आणि दोन गुण कापले. मुलं असं करतात. उत्तर येत नसलं की तथ्यं पदरची घालतात. वकीलही तेच करतात.

त्यानंतर पाच-सहा उत्तरपत्रिका ठीक गेल्या. मग एक डावखुरं, मागे झुकलेलं अक्षर आलं. ‘सदर दस्त हा छपराच्या दुरुस्तीसाठीचे संमतिपत्र आहे, असे “क” ला सांगण्यात आले.’

मी पेन खाली ठेवलं.

‘क’ म्हणजे माझी आत्या. लग्नानंतर चारच वर्षांत ती परत आली आणि आमच्या आईमागे तिनंच आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. घर वडिलांचं आणि तिचं, निम्मं निम्मं. धाकट्या भावाला ते घर विकून धंदा टाकायचा होता. मी तेव्हा वकिलीत नवीन होते. आत्या नाही म्हणाली असती असंही नाही. पण विचारलं तर ती विचार करणार, आणि विचार करायला लागली तर काय सांगावं. शिवाय तिला मूलबाळ नव्हतं, नाहीतरी ते आमच्याकडेच येणार होतं. पुढे हा युक्तिवाद मी माझ्या कोर्टात शेकडो वेळा ऐकला आणि दरवेळी ऐकताना चेहरा कोरा ठेवला.

हक्कसोडपत्र मी लिहिलं. वाचूनही मीच दाखवलं. धाकटा नोंदणी कार्यालयातल्या माणसाला घेऊन यायला गेला होता. खोलीत आत्या आणि मी, दोघीच होतो. मी समोर धरलेला कागद वाचण्याऐवजी छपराच्या दुरुस्तीचं काहीबाही बोलत गेले. नोंदणीच्या माणसानं नंतर विचारलं, ‘आजी, समजलं ना सगळं?’ ती म्हणाली, ‘माझी भाची वकील आहे. तिनं वाचलंय.’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. धाकट्यालासुद्धा नाही. आत्या जाऊन एकोणीस वर्षं झाली.

त्या दिवशी मी आणखी सोळा उत्तरपत्रिका तपासल्या. तिघांनी छपराचं लिहिलं होतं. एकानं लिहिलं होतं की ‘क’ च्या डोळ्याची शस्त्रक्रिया सहा दिवसांपूर्वी झाली होती. मी बोटांवर मोजून पाहिलं. सहाच.

घरी जाऊन धाकट्याला फोन केला.

“आत्याच्या कागदाचं तू कुणाशी बोललायस?”

“कुठला कागद?”

“घराचा.”

“ताई, त्यात बोलण्यासारखं काय आहे? तू वाचलास, तिनं सही केली. मी तर तेव्हा नव्हतोही.” मग म्हणाला, “का? कुणी काही म्हणालं का?”

“नाही.”

“मग जुनं कशाला उकरतेस?”

बरोबर होतं त्याचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण चांदणं उत्तरपत्रिकेत कसं उतरलं, ते मला कळेना.

मी सरळ विचार करायचं ठरवलं. पुराव्यावर चालायचं. एक, पेपर फुटला असेल. पण पेपरात छप्पर नव्हतंच, तर फुटून फुटणार काय? दोन, एखाद्या क्लासवाल्यानं नमुना उत्तर पाठ करून घेतलं असेल. त्याला तरी कुठून कळणार? मी केंद्रांचे आकडे पाहिले. सहा वेगवेगळी केंद्रं, एकमेकांपासून दिवसभराच्या अंतरावर. अक्षरं वेगळी, पेनं वेगळी, शुद्धलेखनाच्या चुकाही ज्याच्या त्याच्या. पाठ केलेल्या उत्तरात चुकासुद्धा पाठ होतात. इथे तसं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या शब्दांत लिहिलं होतं, ऐकलेली गोष्ट सांगावी तसं.

चौथ्या दिवशी मी चार उत्तरपत्रिका तारीखसाहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचल्या.

“क्लास,” ते म्हणाले. “ही क्लासवाल्यांची पिलावळ. उद्या निकालपत्रंही पाठ करून येतील.”

“पण यातलं काहीच प्रश्नात नाही.”

“मग द्या शून्य. न्यायाधीशानं कागदावर आहे तेवढंच बघायचं. हे ज्याला कळत नाही तो खुर्चीवर बसून काय दिवे लावणार?” त्यांनी उत्तरपत्रिका परत केल्या, आणि मग शेवटची पुन्हा ओढून घेतली. “मॅडम, हा प्रश्न तुम्हाला सुचला कुठून?”

“असाच. असे खटले शेकड्यानं असतात.”

“हो, ते असतातच,” ते म्हणाले. पण उत्तरपत्रिका त्यांनी जरा वेळ तशीच हातात धरून ठेवली होती.

तपासणीच्या सूचनांमध्ये त्याच दुपारी एक ओळ वाढली: ‘प्रश्न क्रमांक चारमध्ये न दिलेली तथ्ये लिहिल्यास त्या प्रश्नास शून्य गुण द्यावेत; आधी तपासलेल्या उत्तरपत्रिकांनाही हे लागू राहील.’ मसुदा माझा, सही तारीखसाहेबांची. मसुदे मी पहिल्यापासून चांगले करते.

नवव्या दिवशी एक उत्तरपत्रिका आली, बारीक, गोल अक्षराची. ‘वाचणारी मध्येच थांबली. तिचा घसा कोरडा पडला होता. “क” स्वतः उठली, भिंतीला धरत आत गेली आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आली. पाणी पिऊन झाल्यावर वाचन पुढे सुरू झाले.’

हे मी स्वतःही विसरले होते. विसरले होते असं मी इतकी वर्षं समजत होते. पितळी तांब्या होता, आणि पाणी हिंदकळून तिच्या पातळाच्या निऱ्यांवर सांडलं होतं.

मी समासात शून्य लिहिलं. शून्य काढायला फार वेळ लागत नाही.

माझ्या वाट्याच्या तीनशे बारा उत्तरपत्रिकांमध्ये अशा एकेचाळीस निघाल्या. कायद्याच्या दृष्टीनं बघितलं तर त्यातल्या बऱ्याच जणांनी निर्णय अचूक दिला होता. दस्त रद्दबातल, हिस्सा ‘क’ ला परत. तर्कही नेटका होता. एकानं तर लिहिलं होतं की विश्वासाच्या नात्यात फसवणारा जितका जवळचा, तितकं पुराव्याचं ओझं त्याच्यावर जास्त. मी न्यायाधीश असते तर ते वाक्य माझ्या निकालात घेतलं असतं. मी न्यायाधीश होतेच की, अठ्ठावीस वर्षं.

शेवटच्या उत्तरपत्रिकेत फक्त दोन ओळी जास्त होत्या. ‘घर विकल्यानंतर “क” ने भाचीला विचारले, त्या दिवशी तू मला काय वाचून दाखवलंस गं? भाची म्हणाली, दुरुस्तीचं पत्र. त्यावर “क” म्हणाली, हो का. पुन्हा विचारले नाही.’

प्रश्नात भाची नव्हती. मी मुद्दाम भाचा एवढंच लिहिलं होतं.

तिलाही शून्य दिलं.

पंधरा गुण म्हणजे या परीक्षेत एखाद्याचं अख्खं आयुष्य इकडचं तिकडे. यादी लागली. त्या एकेचाळीसांपैकी एकही जण मुलाखतीपर्यंत पोचला नाही, हे मी गोपनीय शाखेतल्या कारकुनाकडून गोड बोलून काढून घेतलं. तो म्हणाला, “मॅडम, त्यातल्या निम्म्यांची वयोमर्यादा संपली यंदा. बिचारे.” मी म्हटलं, “नियम म्हणजे नियम.” माझा आवाज अगदी ठीक आला.

मुलाखतींना विषयतज्ज्ञ म्हणून मला बसवलं होतं. मध्ये अध्यक्ष, त्यांच्या डावीकडे तारीखसाहेब, उजवीकडे मी. समोर एक खुर्ची. उजव्या हाताला दार, त्यापलीकडे व्हरांडा आणि भिंतीलगत रांगेनं मांडलेल्या खुर्च्यांवर वाट बघणारी मुलं. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन टेबलापर्यंत आलं होतं.

चौथी आली ती एका शिंप्याची मुलगी. सव्वीस वर्षांची, पांढरा कुर्ता, घोटीव उत्तरं. मी भाडेकरूचे हक्क विचारले, गहाण विचारलं. कुठे अडखळली नाही. अध्यक्षांनी सैल होत विचारलं, “पेपर कसा गेला होता?”

“बरा गेला, सर. फक्त चौथ्या प्रश्नाला जरा गोंधळ झाला.”

“कसला गोंधळ?”

“पर्यवेक्षक बाईंनी तो प्रश्न वाचून दाखवला ना. छापलेला वेगळा होता आणि त्या वेगळंच वाचत होत्या.”

तारीखसाहेबांनी मान वर केली. “पर्यवेक्षकानं वाचून दाखवला? मोठ्यानं?”

“मोठ्यानं नाही, सर. बाकाशी येऊन, हळू आवाजात. म्हाताऱ्या होत्या खूप. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मला वाटलं सगळ्यांनाच वाचून दाखवतायत.”

“पर्यवेक्षक इतके म्हातारे नसतात,” अध्यक्ष म्हणाले.

“हो ना, सर. मलाही नवल वाटलं.”

मला विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. “तुम्ही काय लिहिलंत?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची नजर अगदी साधी होती.

“छापलं होतं त्यावरच लिहिलं, मॅडम. त्यांना मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, बरं करतेस. जे ऐकून लिहितील त्यांना शून्य मिळेल.”

तारीखसाहेबांचं पेन थांबलं.

“असं म्हणाल्या?”

“हो. म्हणाल्या, तपासणारी आमच्या घरातलीच आहे. मी तिला लहानाची मोठी केलीय.”

पंखा फिरत होता.

मग अध्यक्ष हसले. “काहीतरी वेडगळ बाई शिरली असेल वर्गात. पण तुम्ही कागद सोडला नाहीत, हे महत्त्वाचं. न्यायाधीशाला हेच लागतं.” त्यांनी तिच्या नावापुढे गुण लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्या दिवसातले सर्वांत जास्त गुण होते. मी खाली सही केली. तारीखसाहेबांनी माझ्या सहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

मुलगी उठली. नमस्कार केला. दारापाशी गेली, दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं आणि दार हातानं तसंच धरून थांबली. मागून कुणीतरी हळूहळू चालत येत असावं, तेवढा वेळ.

“सावकाश,” ती म्हणाली.

मग ती बाजूला झाली. उघड्या दारातून व्हरांडा सरळ जिन्यापर्यंत दिसत होता. दाराजवळच्या खुर्चीवरचा मुलगा उठून उभा राहिला, वडीलधारं माणूस समोरून जाताना उठतात तसा, आणि परत बसला. मग त्याच्या पलीकडची मुलगी उठली, बसली. मग तिच्या पलीकडचा. मध्ये प्रत्येक वेळी बराच वेळ जात होता. जिन्याजवळचा शेवटचा मुलगा उठला, तेव्हा त्यानं खाली वाकून आपला हात पुढे केला. पहिल्या पायरीपाशी आधार द्यावा तसा.