तिचं अजून झालं नाही

मोबाइल खाली ठेवा. ठेवलेत? आता ऐका, आणि मध्ये तोंड घालू नका. खोटं वाटलं तर माझ्या साडूला विचारा. तो सांगणार नाही म्हणा, या विषयावर तो बायकोशीसुद्धा बोलत नाही. मला सांगितलं ते एकदाच, तेही माझ्याकडे न बघता.

साडूची बास्केटगाडी होती. ट्रकवर लांब लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील असा पिंजरा. रस्त्याचे दिवे बदलायला, फलक लावायला तो ती भाड्याने द्यायचा. सतरा नोव्हेंबर, शुक्रवार, रात्री पावणेबारा. पुलामागच्या पाच मजली भिंतीवर नवं चित्र काढायचं होतं, म्हणून त्याला बोलावलं होतं. रात्रीच का? तर ही मंडळी आधी प्रोजेक्टरने चित्र भिंतीवर पाडतात आणि कोळशाने त्याच्या रेषा गिरवून घेतात. दिवसा प्रोजेक्टरचं काही दिसत नाही. एवढं साधं काम.

चित्रकार म्हणजे 'सर'. शहरातल्या निम्म्या रंगीत भिंतींवर त्यांची सही. लोक गल्लीचं नाव विसरले, पण 'सरांच्या वाघाजवळ भेटू' म्हणायचे. सेल्फी तिथे, लग्नाआधीचे फोटो तिथे. भिंत रंगवली की गल्लीला भाव यायचा.

आता खरी गोम सांगतो. त्यातली बरीच चित्रं सरांनी काढलीच नव्हती. एक पोरगी काढायची. अंगावर कायम रंगाचे ठिपके, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत. सर सांगायचे, पुढच्या भिंतीवर तुझी सही. ती पुढची भिंत काही आली नाही. शेवटी याच पाच मजली भिंतीवर तिने स्वतःच्या आईला काढलं, शिलाई मशीनवर वाकलेली. खाली सही सरांची. मग एका रात्री ती गच्चीला दोर बांधून उतरली, स्वतःचं नाव लिहायला. दोर सुटला.

पोलिसांनी सरांना विचारलं, हिचं नाव काय? चार वर्षं हाताखाली राबलेली पोरगी. आणि सर म्हणाले, "नाव ठाऊक नाही. आम्ही ठिपकीच म्हणायचो. रंग भरायला यायची." हे ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई येऊन ओळख पटवेपर्यंत दोन दिवस ती बेवारस म्हणून पडून होती.

आणि आता तेच सर, त्या आईवर पांढरा रंग मारून, वर पक्षी काढणार होते.

असो. सर बास्केटमध्ये चढले. साडूने त्यांना चौथ्या मजल्यापर्यंत नेलं आणि स्वतः खाली गाडीच्या पायरीवर बसला. भिंतीवर पक्ष्यांचा उजेड. सर गिरवतायत. सगळं ठीक चाललं होतं.

साडेबाराला त्याने वर पाहिलं. उजेडात सरांची सावली. शेजारी आणखी एक. बारीक. तिचा हात सरांच्या मनगटावर.

त्याने डोळे चोळले. सावल्या दोनच होत्या.

पक्षी तसेच राहिले. कोळसा दुसरंच काही लिहीत होता. भराभर. ओळीखाली ओळ.

साडूने फोन लावला. उचलला गेला. बोलणं नाही. नुसतं खर्र... खर्र...

"सर, खाली घेऊ का?"

...

"नको घेऊस." आवाज सरांचाच. सपाट. "तिचं अजून झालं नाही."

साडूने बास्केट खाली आणायचा दांडा ओढला. बास्केट हलेना. गाडी बंद करून चालू केली. हलेना. वर खर्र... खर्र... मग तो आवाज बदलला. ओलसर झाला. कोळसा संपला होता. हात थांबला नव्हता.

पळाला का नाहीस, मीही विचारलं त्याला. म्हणाला, पाय उचलेनात. आणि खरं सांगू, आतून जरा बरंही वाटत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी बास्केट आपोआप खाली आली. सावकाश. सर उभेच होते. उजव्या हाताची बोटं... जाऊ दे, आत्ताच जेवलायत तुम्ही. नखं उरली नव्हती, एवढंच सांगतो. ओठ हलत होते. तिचं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट. म्हणे ठाऊक नव्हतं.

भिंतीवरही तेच. हात पोचेल तिथवर, शेकडो वेळा. वरच्या ओळी काळ्या. खालच्या काळ्या नव्हत्या.

सर जिवंत आहेत अजून. हातात चमचा दिला तरी टेबलावर तेच नाव लिहितात. मला काही त्यांची दया येत नाही. खोटं कशाला बोलू?

त्या रात्री रुग्णवाहिका सरांना घेऊन गेली आणि साडू गाडी आवरायला वळला. त्या गाडीला एक छोटा पडदा असतो. बास्केटमध्ये किती वजन चढलंय ते दाखवतो, भार जास्त झाला तर कळावं म्हणून. सर चांगले नव्वद किलोचे. पण ते तर गेले होते. बास्केट रिकामी. आणि पडद्यावर आकडा...

एकोणपन्नास किलो.

त्याने टॉर्च मारून पाहिलं. कुणी नाही. पुढे दुरुस्तीवाल्याने पडदा बदलला, तारा बदलल्या. शेवटी साडूने गाडीच विकून टाकली. परवा नव्या मालकाचा त्याला फोन आला. दादा, म्हणाला, ही गाडी रिकामी असतानाही एकोणपन्नास का दाखवते?