नाकापर्यंत येतील अशी फुलं

"नाकापर्यंत येतील अशी फुलं आहेत का?"

प्रश्न तोंडातून निघून गेला आणि प्रयागाला वाटलं, जीभ चावावी. घरून निघताना तिनं वाक्य चांगलं घोळवून ठेवलं होतं. उन्हात टिकणारी, मध्यम उंचीची फुलझाडं वगैरे. पण आठवडी बाजारात स्टँडच्या भिंतीशी टोपल्या मांडून बसलेल्या त्या रोपंवाल्यानं एकदम मान वर केली, आणि ते वाक्य कुठल्या कुठं गेलं.

तो हसला नाही. मिरचीच्या रोपांवर पाणी शिंपडता शिंपडता थांबून म्हणाला, "कोणाच्या नाकापर्यंत, ताई?"

"बसलेल्या माणसाच्या."

"जमिनीवर, का खुर्चीवर?"

"स्टुलावर... मशीनच्या."

"अन् झाडं कशात लावणार?"

"खिडकीत. तेलाच्या डब्यात. समोरून ऊन येतं, नऊपासून पार बारापर्यंत."

आता मात्र त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. पाण्याचा डबा खाली ठेवून तो हाताच्या वितीनं हवेत मापं घेऊ लागला. एक वीत, दीड वीत, दोन... प्रयागाला हसू आलं आणि तिनं ते ओढणीत लपवलं. हातही ओढणीतच होते. पोळा होऊन आठवडा झालेला, ऊन असं की अंगाची काहिली व्हावी, तरी तिच्या बाह्या मनगटाच्या खाली उतरलेल्या होत्या.

"सदाफुली घ्या. पांढरी तर अशी फुलती—"

"पांढरं कुठलंच नको."

जरा जोरातच बोलली ती. त्यानं सदाफुलीची पिशवी मुकाट बाजूला ठेवली. मग मागच्या टोपलीतून एकेक रोप काढत म्हणाला, "मंग असं करा. डाव्या अंगाला झिनिया. लाल अन् केशरी. दोन वितीपर्यंत जाईल, बिलकुल नाकापर्यंत. त्याच्या फटीत कॉसमॉस, त्याची पानं बडीशेपेसारखी, ऊन गाळून आत सोडतात. अन् उजवीकडं उंच काहीच न्हाई. नुसता चिनी गुलाब. तो बुटका राहतो, काठावरून खाली लोंबतो."

"सगळीकडं उंचच लावली तर?"

"तर तुमच्या खोलीत अंधार," तो म्हणाला. "ऐका माझं."

रोपं घेताना ओढणी जराशी घसरली. तिनं झटकन सावरली आणि मागं न पाहता निघाली.

प्रयागा तेव्हा चोवीस वर्षांची होती. वडील रामराव टेंभुर्णीला शेती पाहायचे. ती आणि तिची आई द्वारकाबाई जाफराबादला राहत होत्या, कारण तालुक्याच्या गावी शिवणकाम चालायचं. हमरस्त्यावर किराणा दुकान असलेल्या इचरजबाईंच्या माडीवर त्यांची भाड्याची खोली होती. दोन वर्षांपूर्वी प्रयागाच्या डाव्या करंगळीवर तांदळाएवढा पांढरा डाग उठला. मग दुसऱ्या बोटावर. मग उजव्या हातावर, मनगटापर्यंत. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कोड आहे, एकाचं दुसऱ्याला होत नाही, घाबरू नका. औषध दिलं. रोज सकाळी हातांना लावायचं, दहा मिनिटं उन्हात धरायचं, मग स्वच्छ धुऊन टाकायचं.

डॉक्टरांना काय, ऊन म्हणजे ऊन. पण प्रयागाच्या घरात ऊन एकाच खिडकीतून यायचं, आणि त्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडे चहाचं हॉटेल होतं. बाकावर बसलेली माणसं कप तोंडाला लावून वर पाहायची. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकाही हल्ली म्हणायच्या, "माप कशाला घेती बाई, जुनं ब्लाउज ठेवून जाते की." पहिली बोलली तेव्हा प्रयागाला काही वाटलं नाही. चौथी बोलली तेव्हा कळलं.

म्हणून तिला आडोसा हवा होता. तोंड झाकणारा. आणि हातांवर मात्र ऊन पडू देणारा.

तेलाचे दोन मोठे डबे इचरजबाईंनी दिले. लांबीतून कापून आणवले, खालून खिळ्यानं भोकं पाडून घेतली, आणि बजावलं, "बेटा, पानी दुकानच्या बोर्डवर गळलं ना, तर आमचे शेठजी मला गाळून पितील."

पुढच्या बाजाराला प्रयागा तक्रार घेऊनच गेली. "तुमची रोपं माना टाकून राह्यलीत."

"माती कोणती घातली?"

"शेतातली. टेंभुर्णीची. काळीभोर."

बद्रीनाथनं, त्याचं नाव तिला त्याच दिवशी कळलं, कपाळावर हात मारला. "कपाशी लावायची होती का खिडकीत? काळी माती डब्यात वाळली की अंग चोरती, कडेनं भेग पडती. पाणी तुमच्या मुळाला न्हाई, भोकातून खाली जातं."

"आमच्या मातीला नावं ठेवू नका हं. सोनं पिकतं तिच्यात."

"पिकू द्या की. पण निम्मी नदीची वाळू घाला, अन् मूठभर शेणखत."

"न्हाई घातली तर?"

"तर मी दर बाजाराला तुमच्याशी भांडीन."

ती घरी जाऊन आरशासमोर उभी राहिली आणि एकदम तिच्या लक्षात आलं... आज त्यानं एकदाही ‘ताई’ म्हटलं नव्हतं.

वाळू घातली. झाडं उभी राहिली. मग दर बाजाराला काही ना काही निघतच गेलं. शेंडा कधी खुडायचा? पहिली कळी ठेवायची की तोडायची? तो सांगायचा, पहिली तोडा, जीव कळवळतो पण तोडा, मंग झाड बाजूनं फुटतं. हळूहळू तिला त्याचंही कळलं. धावड्याला अर्धा एकर रोपवाटिका, घरी आई. जालन्याच्या एका बियाणं कंपनीच्या फुलांच्या वाफ्यांवर दोन वर्षं काम केलेलं. मिरची-वांग्यावर घर चालतं आणि फुलं हौसेची. "फुलं कोण विकत घेतं इकडं," तो म्हणाला, "तुम्ही सोडून." आणि मग उगाचच टोपलीतली रोपं इकडची तिकडं करत बसला.

दसऱ्यापर्यंत खिडकी अशी काही भरली की रस्त्यानं जाणारे थबकायचे. लाल, केशरी झिनिया, त्यातून डोकावणारा पिवळा कॉसमॉस. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन डब्यावर आलं की चिनी गुलाबाच्या मिटलेल्या कळ्या एकेक करून उलगडायच्या. प्रयागा झिनियामागं स्टूल ओढून बसायची. तोंडावर पानांची जाळी, आणि उजवीकडं, जिथं उंच काहीच नव्हतं तिथं, डब्यामागच्या कट्ट्यावर तिचे दोन्ही हात. लख्ख उन्हात. बरोबर तिथंच ऊन यावं, हा केवढा योग, असं तिला वाटायचं.

ती दहा मिनिटं आता औषधाची राहिली नव्हती. त्या वेळात प्रयागा मनातल्या मनात पुढच्या बाजाराचं भांडण रचायची.

परतीचा पाऊस येऊन गेला, रात्री गार पडू लागल्या, आणि झिनियाच्या पानांवर पीठ सांडल्यासारखे ठिपके दिसू लागले. तिनं एक पान बाजारात नेऊन दाखवलं. बद्रीनाथ म्हणाला, "पाहावं लागंल. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो गंधकाची पुडी घेऊन आला, तो नेमका तिची दहा मिनिटं संपताना. द्वारकाबाईंनी दार उघडलं, चहा ठेवायला आत गेल्या. प्रयागा नुकतीच हात धुऊन आली होती. ओढणी खुंटीला होती. त्याला झाडं दाखवायच्या नादात तिला भानच राहिलं नाही.

तो वाकून पानं पाहत होता. "भुरी आहे. ही डाग पडलेली पानं आधी काढून टाका. दया करू नका. एकाचं दुसऱ्याला लागत जातं, अन् मंग सगळा डबा बाद."

"बाद?"

तिच्या आवाजानं त्यानं वर पाहिलं. तिचा हात झिनियाच्या पानावर होता. पानावर पांढरे ठिपके... आणि बोटांवर. तो नुसता पाहत राहिला. 

ती वाट पाहत होती. एक शब्द... कुठलाही.

"बराबर आहे," शेवटी तीच म्हणाली. "लागत असंल तर काढूनच टाकावं." आणि आत निघून गेली. द्वारकाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा जिन्यावर त्याची पावलं वाजत होती.

पानं तिनं तोडली नाहीत. गंधकाची पुडी उघडलीसुद्धा नाही. आई दोनदा बोलली, तिनं ऐकलं नाही. तीन बाजार गेले, ती गेली नाही. भुरी पानापानानं चढत गेली आणि महिन्याभरात झिनियाच्या काटक्या झाल्या. कॉसमॉस आधीच बी धरून वाळला होता. ज्या दिवशी तिनं काटक्या उपटल्या, त्या दिवशी खिडकी उघडीबोडकी झाली. राहिला फक्त उजवीकडचा चिनी गुलाब, तोही थंडीनं आखडलेला.

दुसऱ्या सकाळी ती औषध लावून उभी राहिली. आज बसावं की नाही? पडदा ओढावा? मग तिला सगळ्याचाच राग आला. हॉटेलाचा, बाकाचा, त्या जुन्या ब्लाउजांचा, स्वतःचासुद्धा. तिनं स्टूल ओढलं, बसली, आणि दोन्ही हात उन्हात ठेवले. समोर, सरळ, उघड्या तोंडानं.

बाकावरच्या एक-दोघांनी वर पाहिलं. तिसरा पाहतच राहिला.

तो बद्रीनाथ होता. आज बाजाराचा दिवस नव्हता. शेजारी एकच टोपली. तिनं नजर वळवली नाही, त्यानंही नाही. हातही तिनं उचलले नाहीत. पुरी दहा मिनिटं. त्याचा चहा निवून गेला असावा.

हात धुऊन तिनं दार उघडलं तेव्हा तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता.

"बाजार न्हाई आज," ती म्हणाली.

"म्हाईत आहे."

"मंग कशाला आल्ता?"

"तीन बाजार तुम्ही आल्या न्हाईत. चौथ्यापर्यंत थांबवलं न्हाई." त्यानं टोपली खाली ठेवली. "त्या दिवशी मी पानांचं बोललो..."

"मला कळलं."

"न्हाई कळलं. भुरी लागती. तुमचं लागत न्हाई. येवढंच म्हणायचं होतं मला, पण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं अन् जीभच टाळ्याला चिकटली. हे चार शब्द सुचेपर्यंत जीप धावड्याला पोचल्ती."

खालून दुकानातल्या तराजूचा आवाज येत होता.

"अन् मला आधीच म्हाईत होतं," तो हळूच म्हणाला. "पहिल्याच बाजारात. पांढरं कुठलंच नको म्हणल्या, अन् रोपं घेताना ओढणी सरकली. माझ्या मावशीला होतं हे. तीपण अशीच औषध लावून उन्हात बसायची. म्हणून तर उजवी बाजू मोकळी सोडायला लावली. हातावर ऊन यावं म्हणून."

प्रयागा त्याच्याकडं पाहतच राहिली. म्हणजे तो योग नव्हता. इतके दिवस, रोज सकाळी, कुणीतरी तिच्यासाठी वितीनं मोजून ऊन ठेवलं होतं.

"कीव आली होती का माझी?" तिनं विचारलं.

"कीव आलेल्या माणसाशी कुणी मातीवरून भांडतं का?" तो चिडूनच म्हणाला. मग आवाज उतरला. "मला तुमच्याशी... म्हणजे तुमची हरकत नसंल तर... जन्मभर भांडायचंय."

ती हसली. हसता हसता डोळे पुसले, तेही उघड्या हातांनी. पण हो म्हणाली नाही.

"हे जाईलच असं न्हाई," ती म्हणाली. "वाढूपण शकतं. तोंडावर येऊ शकतं."

"येऊ द्या."

"तुमच्या आईला सांगितलं?"

"लग्नाचं सांगितलं." तो अडखळला. "हातांचं... न्हाई अजून."

"मंग तुम्ही सांगू नका. मी दाखवते."

संक्रांत झाल्यावर मायलेकी धावड्याला गेल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी निसवली होती. जीपमध्ये द्वारकाबाई दोनदा म्हणाल्या, "बाही खाली कर गं, गार वारं आहे." प्रयागानं बाही कोपरापर्यंत दुमडलेली, तशीच ठेवली.

बद्रीनाथची आई दुर्गाबाई ओसरीत तूर निवडत बसली होती. कोरडी, उंच बाई, नजर सरळ. पाणी झालं, बसणं झालं. मग प्रयागा उठून तिच्यापुढं बसली आणि दोन्ही हात पुढं केले. बद्रीनाथ खांबापाशी उभा होता.

दुर्गाबाईनं हात आपल्या हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. बराच वेळ.

"माझ्या बहिणीला होतं," ती म्हणाली. "नवऱ्यानं माहेरी आणून सोडली. याच ओसरीत गेली ती." थोडं थांबून तिनं विचारलं, "लेकरांना होतं का?"

"होऊ शकतं. बहुतेकांना न्हाई होत. पण पक्कं सांगता येत न्हाई."

खोटं बोलली असती तर सोपं होतं. दुर्गाबाई तुरीकडं पाहत राहिली. द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. बद्रीनाथ एक पाऊल पुढं आला, आणि आईनं त्याच्याकडं न पाहताच हातानं थांबवलं.

"भाकर येती का?" तिनं प्रयागाला विचारलं.

"येते."

"मंग चूल पेटलेलीच हाय. सकाळपासून पोटात काही न्हाई माझ्या."

प्रयागानं काठवटीत ज्वारीचं पीठ घेतलं, मधे आळं करून गरम पाणी ओतलं. पीठ मळता मळता हात लयीत आले. भाकरी गोल सुटत गेली, तव्यावर पडली, आणि निखाऱ्याशी टेकताच टम्म फुगली. दुर्गाबाई चुलीसमोरच पाट ओढून बसली. पहिली भाकरी तिनं प्रयागाच्या हातातूनच घेतली, कोर मोडली, ठेच्याला लावली आणि सावकाश चावू लागली. 

"काठ जाड ठेवती गं तू," घास गिळून ती म्हणाली. "आमच्यात पातळ लागतो. लग्नाला वैशाख उजाडंल, तोवर हात बसव."

आणि दुसऱ्या भाकरीसाठी ताट पुढं केलं.