उजवीकडची वाटी

“अकरा!” मोजपट्टी ओरडली. “थांब, त्यांच्याशी गोट्या खेळू नकोस! हे छर्रे तुला कुठे सापडले?”

“बाबांच्या पिशवीत,” शेपूट म्हणाला. तो सात वर्षांचा होता आणि सदैव ताईच्या मागे असायचा, म्हणून शेपूट. ताई बारा वर्षांची. दिसेल ते मोजायची, म्हणून मोजपट्टी.

दुपार संथ होती. पायरीवर ऊन सांडलं होतं आणि प्रत्येक छर्‍यात एकेक इवलीशी खिडकी चमकत होती.

“बेअरिंगच्या पुडीवर बावीस छर्रे छापलंय,” मोजपट्टी म्हणाली. “शिवाय छर्रे बसवायच्या दोन वाट्या आणि एक आस. मग अकरा छर्रे आणि एक वाटी उरली कशी? बाबा तर आत्याला म्हणाले, सगळं नवं घातलं!”

पायरीवर बसलेल्या आतेभावाचं गुणगुणणं थांबलं. याच सवयीमुळे सगळे त्याला गुणगुण म्हणत. त्याची आई, म्हणजे मुलांची आत्या, सायकलवरून टेकडीवर टपाल वाटायची. गेल्या आठवड्यात बाबांनी सायकलच्या पायडलची बेअरिंग बदलली, तरी चार दिवसांत किरकिर पुन्हा सुरू झाली. ‘सांगाडाच गेलाय, भंगारात द्या,’ असं सांगून बाबा मोकळे झाले. आज पाच वाजता टपाल कचेरीची गाडी सायकल न्यायला येणार होती. नवी सायकल मिळणार नव्हती. आत्याला आता दिवसभर खोलीत बसून शिक्के मारायचे होते.

“आई कालपासून नीट जेवली नाहीये,” गुणगुण हळूच म्हणाला.

“मग बघू या की!” मोजपट्टी उठली.

तिघांनी सायकल उलटी केली. मोजपट्टीने लाकडी चमच्याचा दांडा सांगाड्याला टेकवला आणि दुसरं टोक कानाला लावलं. गुणगुण सावकाश पायडल फिरवू लागला. दांड्यातून खोल पाण्यातल्यासारखा आवाज आला. खर्र... शांत... खर्र...

“चाक तीनदा फिरलं की खर्र एकदाच. म्हणजे आवाज चाकाचा नाही, पायडलचा आहे.” तिने दांडा डावीकडून उजवीकडे नेला. “इथे! चेनच्या बाजूला! बाबांनी ही वाटी बदललीच नाही!”

“बदलणार कशी? मामा लोंबकळला होता पान्याला,” गुणगुण म्हणाला. “तसूभर हलली नाही ती!”

“बाबा नळवाले आहेत. त्यांना सुटत नाही असं काही असतं का?” शेपटाला अपमान झाल्यासारखं वाटलं. त्याने पिशवीतला एक नळ काढून उरलेल्या वाटीशेजारी उभा ठेवला. मग डोकं तिरकं करून म्हणाला, “ताई, यांचे जिने वेगळ्या बाजूंना चढतात.”

“कसले जिने?”

“हे गोल गोल.”

मोजपट्टी वाकली. नळाचे आटे उजवीकडे चढत होते, वाटीचे डावीकडे!

“तू वाटी उलटी धरली असशील,” गुणगुण म्हणाला.

तिने वाटी उलटी केली. आटे डावीकडेच चढले. पुन्हा फिरवली, तरी डावीकडेच.

“आटेच उलटे आहेत! बाबा नळासारखं सोडवायला गेले, म्हणजे...”

“म्हणजे मामा आवळत बसला होता!” गुणगुण खो खो हसला.

बाबा कुणाचा तरी नळ दुरुस्त करायला गेले होते. मोजपट्टीने पायडलचे दांडे अडकवणारे कॉटर, म्हणजे लोखंडी खिळे, ठोकून काढले, दांडे उतरवले आणि डावी वाटी सोडवून आस बाहेर ओढली. उजव्या वाटीला मोठा पाना लावून त्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवला.

“घड्याळाचे काटे फिरतात तसं. एक, दोन...”

तिघेही लोंबकळले. काहीच नाही. शेपटाने डोळे मिटून उडी मारली. कर्र! वाटी हलली!

आतून काळं ग्रीस आणि झिजलेले छर्रे बाहेर आले. जुन्या वाटीच्या कडेला चंद्रावर असतात तसे बारीक खड्डे पडले होते. “याच खड्ड्यांतून बिचारे गडगडत होते,” गुणगुण म्हणाला.

नवी वाटी बसली. तिच्यात पिवळं ग्रीस भरून मोजपट्टीने एकेक छर्रा ठेवला. मग आस, मग डावी बाजू. वाटी फार आवळली तर फिरेना, सैल ठेवली तर डगडग. केसाएवढं मागे, केसाएवढं पुढे. शेवटी दांडे चढले आणि गुणगुणने पायडलला हलकी टिचकी मारली.

पायडल फिरत राहिलं, ढगासारखं, आवाज न करता. तिघं बघत राहिली.

“माझा पाना कुणी घेतला?” दारात बाबा उभे होते. मागे आत्या, आणि रस्त्यावर कचेरीची गाडी.

मोजपट्टीने नळ आणि जुनी वाटी त्यांच्या हातात दिली. बाबांनी दोन्ही डोळ्यांशी नेलं. त्यांचे कान लाल झाले.

“दादा, सगळं नवं घातलं म्हणाला होतास ना रे?” आत्याने विचारलं.

“उजवीकडचं राहिलं होतं. लाज वाटली, म्हणून बोललो नाही.” त्यांनी मुलांकडे पाहिलं. “तीस वर्षं आटे सोडवतोय मी. आज तुम्ही मला शिकवलंत. शाब्बास रे पोरांनो!”

गाडीवाल्याने सायकलवरून एक फेरी मारली. उतरून म्हणाला, “ही कसली भंगार? माझ्यापेक्षा तरणी आहे!” आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

दुसर्‍या दिवशी आत्या तासभर उशिरा परतली.

“पुन्हा बिघडली?” तिघं धावली.

“छे! टेकडीवर कुणी दारातच येईना. किरकिर ऐकून बाहेर यायची सवय त्यांची! प्रत्येक दार वाजवावं लागलं मला.”

“मग चिडलीस?” शेपटाने विचारलं.

आत्याने त्याला जवळ ओढलं. “चिडू कशाला? त्या चढावर इतके पक्षी राहतात, हे मला आठ वर्षांत आज कळलं.”