गुरुवारची जागा

मिटा ते लॅपटॉप. सत्यम, तू आधी. आणि प्रतीक्षा, तूही. संध्याकाळपासून दोघांनी एकच रडगाणं लावलंय, मेल आलाय, उद्यापासून पाचही दिवस हापिसात बोलावलंय. आला तर आला. मेल येतोच, टळत नाही.

गच्चीवरचा दिवा राहू द्या बंद. अशाच एका मेलची गोष्ट सांगतो. ऐकीव नाही हां. ज्याच्यावर गुदरली तो सुरज माझ्या बहिणीच्या गावचा. त्यानं माझ्यासमोर बसून सांगितली, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

तारीख पक्की आहे. रविवार, एक डिसेंबर दोन हजार चोवीस. कार्तिकातली अमावस्या दुपारीच संपली होती, पण ते अंधाराला कोण सांगणार. संध्याकाळचे सव्वासात वाजले होते. सुरजनं आईला, म्हणजे भागुबाईला, ओट्यावरूनच सांगितलं, "आई, खुर्ची घेऊन येतो गं," आणि मोटारसायकलला किक मारली.

एवढंच काम. खुर्ची आणायची.

खुर्ची हिंजवडीच्या हापिसातली. लॉकडाऊन लागला तेव्हा कंपनीनं सांगितलं होतं, घरून काम करा, पाठ दुखू नये म्हणून हवं तर इथल्या खुर्च्या न्या. काळ्या जाळीची, चाकांवर गोल फिरणारी ती खुर्ची टेम्पोत घालून सुरज गावी आला. गाव नाणे मावळात, कामशेतपासून बरंच आत. नाव मुद्दाम सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. गावी आल्यावर कळलं की खुर्ची आहे, लॅपटॉप आहे, पण रेंज नाही. घरात नाही, देवळात नाही, शाळेच्या पत्र्यावर चढलं तरी नाही. अख्ख्या शिवारात रेंज यायची एकाच ठिकाणी, ओढ्यापलीकडच्या टेकाडावर. मसणवटीत.

हसू नका. पोटापाण्याचा प्रश्न होता. जवळजवळ चार वर्षं त्या पोरानं मसणवटीच्या पत्र्याखाली नोकरी केली. चार खांब, वर पत्रा, मधे लोखंडी सांगाडा, आणि कोपऱ्यात साहेब खुर्चीवर. गावात कुणी गेलं की खुर्ची ढकलत उंबराखाली न्यायची. एकदा मिटिंग चालू असताना त्याच्या मॅनेजर, माधवी मॅडम, म्हणाल्या होत्या, "सुरज, तुझ्या मागे कुणीतरी रडतंय. म्यूट कर." त्यानं मुकाट्यानं म्यूट केलं. सांगणार तरी काय?

तिथं त्याला सोबत एकाच माणसाची. धोंडाबाई. सत्तरी उलटलेली, मूलबाळ नाही, दोन शेळ्या तेवढ्या. नवरा त्याच पत्र्याखाली जळालेला. शेळ्या टेकाडावर सोडायच्या आणि चौथऱ्याला टेकून बसायचं. "घरी भिंतींशी काय बोलू? हितं निदान माजं मानूस हाय," म्हणायची. सुरज आल्यावर तिला आणखी एक माणूस मिळालं. मिटिंग संपली रे संपली की तिचा प्रश्न ठरलेला.

"आज किती जन आलं रं?"

"अकरा, आज्जे."

"च्या घेतला का त्येंनी?"

एकदा तर पदरातली बोरं लॅपटॉपपुढे ओतली आणि म्हणाली, त्येंनाबी दे. सुरज पोट धरून हसला. पण कुणी आपल्या कामाची इतकी चौकशी करतंय हे त्याला मनापासून आवडायचं, आणि हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही.

दुपारी बॅटरी संपली की तो जेवायला आणि चार्जिंगला घरी जायचा. तेवढ्यात येणारा-जाणारा खुर्चीवर बसून एक गिरकी घेऊन बघायचा. म्हातारीला ते खपेना. तिनं एसटीतला उपाय काढला. खिडकीतून पिशवी टाकून जागा धरतात ना, तसा. ओढ्यातून एक गोटा आणला. मुठीएवढा, काळा, मधोमध पांढरी रेघ. सुरज उठला की गोटा खुर्चीवर. "आता कोन बसतंय बगते. जागा धरलीया." आणि खरंच कुणी बसेना. ती स्वतःही कधी बसली नाही. सुरज म्हणायचा, "बस की आज्जे, मऊ आहे." तर म्हणायची, "तुजी जागा हाय ती."

चोवीसच्या जानेवारीत मेल आला. तीन दिवस हापिसात, दोन दिवस घरून. सुरजनं वाकडला खोली बघितली. निघताना टेकाडावर गेला.

"परत कदी येशील?"

"दोन दिवस घरूनच आहे की, आज्जे. गुरुवारी येतो. खुर्ची राहू दे इथंच."

"ये. जागा धरून ठिवते."

खोटं नव्हता बोलला. पण पहिल्या गुरुवारी दमला होता, दुसऱ्या गुरुवारी काम होतं, आणि तिसऱ्या गुरुवारी कारण शोधायचीही गरज उरली नाही. पुढं घरून कामाचा दोनाचा एकच दिवस झाला आणि गुरुवार हापिसातच गेला. खोलीत चौघं, चौघांच्याही कानात इयरफोनची बोंडं. हापिसात शंभर माणसं आणि बोलायला एक नाही. त्यात जागेची मारामारी. कंपनीनं मधल्या काळात दोन मजले सोडून दिले होते आणि माणसं मात्र सगळी परत बोलावली. ज्याला टेबल मिळेल त्यानं बसायचं, उशीर झाला की कँटीन, नाहीतर जिना. मसणवटीत ज्याची जागा कुणी घेतली नाही, तो हापिसात रोज बॅग खांद्याला लावून जागा शोधत फिरायचा.

आई फोनवर सांगायची, "म्हातारी रोज तितंच अस्ती. खुर्चीच्या शेजारी. गुरुवारी तर भाकरीलाबी उठत न्हाई. येऊन जा रं एकदा."

"येतो गं," म्हणायचा.

ऑगस्टमध्ये धोंडाबाई गेली. गुरुवारीच. खुर्चीच्या चाकाला पाठ टेकून बसली होती, तशीच.

आईचा फोन आला तेव्हा सुरज हापिसात होता. तो माधवी मॅडमकडे गेला. बाई वाईट नव्हती. स्वतः रोज लोणावळ्याहून जा-ये करायची. कोण किती दिवस आलं याची यादी दर शुक्रवारी वर पाठवायची आणि यादीत माणूस कमी पडला की बोलणी तिनंच खायची.

"कोण लागतात तुझ्या?" मॅडमनी विचारलं.

"नात्यातल्या नाहीत, मॅडम."

मॅडमनी रजेचा अर्ज उघडला. मग हळूच म्हणाल्या, "आजी लिहू का?"

एक शब्द, पोरांनो. नुसता हो म्हणायचा होता. बाईनं दार उघडून धरलं होतं. पण हा म्हणाला, "नाही, मॅडम. आजी नाही." भ्याला की खरेपणा नडला, हे त्याचं त्यालाही अजून ठाऊक नाही.

"मग अवघड आहे रे. या आठवड्यात तुझा एक दिवस आधीच कमी आहे."

तो हापिसातच थांबला. गावानं म्हातारीला त्याच पत्र्याखाली जाळलं. खुर्ची उंबराखाली सारून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी राख सावडायला माणसं गेली, तर खुर्ची परत जागेवर. तोंड रस्त्याकडे. आणि बसायच्या जागी गोटा.

कुणी आणली, कुणी विचारलं नाही. तेव्हापासून खुर्चीला कुणी हात लावला नाही.

आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी तो दुसरा मेल. हापिसात खुर्च्या कमी पडतायत, घरी नेलेल्या सगळ्या सोमवारी, दोन तारखेला, जमा करा.

म्हणून तो रविवार. दुपारी बाराला घरी पोचलेला माणूस, उजेडात जाऊन आला असता. पण जेवला, झोपला, उठून गाडी धुतली, आईला डबे लावू लागला. दिवसभर टाळलं. अंधार पडल्यावर भागुबाई म्हणाली, "त्वांड चुकवून कुटवर फिरशील? जा आता."

तर गेला.

भातकापणी उरकली होती. खाचरं मोकळी. गाडीच्या दिव्यात नुसती धसकटं दिसत होती. ओढा ओलांडला. चढ लागला. खिशात फोन थरथरला. एकदा, दोनदा, चारदा. रेंज आली.

गाडी उभी केली. दिवा चालू ठेवला.

खुर्ची होती. रस्त्याकडे तोंड करून.

नऊ-दहा महिने उन्हापावसात पडलेली खुर्ची. पण धूळ नव्हती. जाळीवर एक पान नव्हतं. बसायच्या जागी गोटा.

सुरज तिथंच उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. दिवसभर मनात जुळवलं होतं ते सगळं विसरला. शेवटी म्हणाला, "आज्जे... खुर्ची नेतोय."

काही नाही. शेळी नाही, किडा नाही. उंबराचं पानसुद्धा हललं नाही.

त्यानं गोटा उचलला. कोमट होता. डिसेंबरातली रात्र, ओढ्याकडून गारठा चढत होता, आणि गोटा कोमट. त्यानं तो दोन्ही हातांनी चौथऱ्यावर ठेवला. खुर्ची उचलली, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घातली, ट्यूबच्या रबरानं बांधायला लागला. गाठ बसेना.

फोन वाजला. माधवी मॅडम.

"सुरज, रविवारी त्रास देते, सॉरी. यादी आजच पाठवायची आहे. तुझी खुर्ची उद्या येतेय ना?"

"हो मॅडम. बांधतोच आहे."

"बरं. मग लिहिते..."

मॅडम थांबल्या.

"सुरज, तू घरी आहेस का?"

"नाही. का?"

"तुझ्या मागे कुणीतरी बोलतंय."

सुरजनं मागे बघितलं. चार खांब. सांगाडा. अंधार.

"कुणी नाही मॅडम इथं."

"अरे, स्पष्ट येतंय. म्हाताऱ्या बाईंचा आवाज आहे. त्या विचारतायत..." मॅडमचा आवाज बारीक झाला. "विचारतायत, आज किती जण आले म्हणून."

...

सुरजनं फोन कानावरून काढला. ऐकलं. कानात प्राण आणून ऐकलं.

काही नाही.

सगळ्यांत वाईट काय वाटलं, तर हेच, असं तो म्हणाला. भीती नंतर वाटली. ज्या बाईला त्याचा आवाज हवा होता म्हणून ती बसून राहिली, तिचा आवाज तीस-चाळीस किलोमीटरवर लोणावळ्यात बसलेल्या परक्या बाईला येत होता. त्याला येत नव्हता.

फोन परत कानाला लावला. "मॅडम... अजून काय म्हणतायत?"

"विचारतायत... आज गुरुवार का?"

सुरज खाली बसला. खुर्ची होती त्या जागेच्या शेजारी, मातीत. ऑगस्टमध्ये एक शब्द जिभेवर अडकला होता. या वेळी अडकला नाही.

"व्हय, आज्जे," तो अंधाराला म्हणाला. "गुरुवारच हाय. आलोय मी."

...

...

"सुरज," मॅडम म्हणाल्या, "हसल्या रे त्या."

आणि रेंज गेली. चार वर्षांत त्या जागी कधी न गेलेली रेंज गेली.

कसाबसा उठला. गाडी चालू केली. उतार. ओढा. मागे बांधलेल्या खुर्चीची चाकं खडखडत होती. त्याला वाटलं, आता गाडी जड होणार. ऐकलेलं असतं ना आपण सगळ्यांनी, मागं कुणी बसलं की गाडी दबते, चढाला धापा टाकते. त्यानं मान ताठ धरली, आरशात बघितलं नाही, वाट बघत राहिला.

गाडी जड झाली नाही. हलकी होती. रिकामी होती. घराच्या दारात येईपर्यंत रिकामीच होती, आणि दारात गाडी लावून तो हमसून हमसून रडला. भागुबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

सोमवारी पहाटे निघाला. तरी हिंजवडीच्या कोंडीत अडकायचा तो अडकलाच. फाटकाशी खुर्ची जमा करायला रांग. रखवालदारानं खुर्चीवर चिठ्ठी डकवली, बॅग मशीनमधून काढली, खिसे तपासले. माधवी मॅडम यादी घेऊन तिथंच उभ्या होत्या. रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या. खुणेची रेघ ओढली, आणि मान वर न करता विचारलं, "कोण लागतात तुझ्या?"

"आजी," सुरज म्हणाला.

मॅडमनी मान हलवली.

वर चौथ्या मजल्यावर गेला तेव्हा पावणेदहा झाले होते. सगळी टेबलं भरलेली. दहा-बारा जण लॅपटॉप हातात घेऊन फिरत होते, दोघंतिघं भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली. कँटीनकडे वळणार, तेवढ्यात दिसलं. खिडकीपाशी, सगळ्यांत चांगल्या रांगेत, एक खुर्ची रिकामी. माणसं तिच्याजवळ येत होती, बघत होती आणि पुढे जात होती.

तो जवळ गेला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं कानातलं एक बोंड काढलं.

"तिथं नको बसू. कुणाची तरी जागा धरलीय. सकाळी मी आले तेव्हापासून ठेवलंय ते."

मुठीएवढा गोटा. काळा. मधोमध पांढरी रेघ.

सुरजनं उचलला. कोमट होता.