ऊन दाखवलेली माती

भर दुपारी शाल्मली बर्गे काळी घोंगडी पांघरून धापूबाईच्या घरातली जमीन उकरत होती. अंगाची नुसती काहिली होत होती, पण वस्तीचं वय मोजणाऱ्या कणघड्याळ यंत्राचं कामच तसं. अंधारात पुरलेल्या वाळूच्या कणांत जमिनीतल्या किरणांची ऊर्जा साठत राहते. ऊन लागलं की साठा रिकामा. साठा मोजला की कण कधी पुरला ते कळतं. वस्ती शंभर वर्षांहून जुनी निघाली तर लोक इथेच राहणार, नाही तर दोन डोंगरांमधलं हे सगळं वाळवंटी खोरं सौर आरशांखाली जाणार. आकडा यंत्रच परस्पर राजधानीला कळवायचं, त्यात कुणाचं काही चालत नव्हतं.

आकडा आला. एक वर्ष.

धापूबाई वाडीची पंच होती. ती हसलीच. "माझ्या सासूची सासू इथे नांदली, ताई. तुझा डबा भांग पिऊन आलाय का?"

शाल्मली वैतागली. आधीच्या घरांतही हेच झालं होतं. यंत्र खोटं बोलत नव्हतं आणि ही बाईही.

"ही जमीन कधी उकरता का तुम्ही?"

"दर होळीला. माती उन्हात पसरायची, मग परत चोपायची. वाळवी लागत नाही. विहिरीचा गाळसुद्धा वाळवतो. आम्ही काय घाणेरडे आहोत?"

शाल्मलीने कपाळावर हात मारला. गोधड्यांना दाखवावं तसं या लोकांनी अख्ख्या गावाला ऊन दाखवलं होतं, आणि दर होळीला आपलं वय आपल्याच हाताने पुसलं होतं. बाहेरची वाळू तर वारा रोजच हलवतो. आता यंत्रात एकाच नमुन्यापुरती जागा उरली होती.

"कधीच न उकरलेली जागा आहे एखादी?"

धापूबाईने कोपऱ्यातल्या कुदळीकडे पाहिलं. "मूळपुरुषाचं थडगं आहे. पण ते उघडेल त्याने खोरं सोडायचं, पुन्हा इकडे फिरकायचं नाही. आमचा रिवाज आहे." तिने कुदळ उचलली. "मी उघडते. एकीने जायचं, बाकीच्यांनी राहायचं."

ती चालूही लागली. शाल्मली घोंगडी घेऊन धावतच तिच्या मागे गेली.

"थांबा, बाई. तो इथे आला कधी, कुणाला ठाऊक आहे?"

"पूर्वापार."

"पण शंभर वर्षांच्या आतला निघाला तर? सगळ्यांनाच जावं लागेल."

धापूबाई थडग्याशी पोचली होती. तिने पदर खोचला, पहिला दगड बाजूला सारला आणि मान वर न करता विचारलं, "मग जाताना मी एकटी तरी नसेन ना?"