फ्रिजच्या दाराची भोकं

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे.

ही भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन, शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालू, आणि घरात जागं माणूस.

ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. माझ्या सख्ख्या ताईच्या घरी घडलंय हे. तिने मला ते एकदाच सांगितलं, एका दमात, आणि नंतर त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही.

ताई आणि भावोजी जुन्या वस्तू विकत घ्यायचे आणि नव्यासारख्या करून विकायचे. पंखे, रेडिओ, शिवणयंत्रं. पुढच्या मोठ्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार. यंत्राचं पोट भावोजींचं, वरचं रूप ताईचं. घासणं, पुट्टी भरणं, रंग मारणं, यात तिचा हात कुणी धरू शकत नसे.

आणि दोघांच्या पायांत घोटाळणारी त्यांची लेक. चार वर्षांची. बाहुलीसारखी ताठ उभी राहून सगळं बघायची, म्हणून लाडाचं नाव ठकी.

ठकीची एक सवय होती. घरातलं कुठलंही दार बंद दिसलं की ती वाजवायची.

टक... टकटक.

मग थांबायची. आतून "कोण आलंय?" असं विचारल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. भावोजी कधी कधी मुद्दाम गप्प बसायचे. ती बाहेर उभी राहायची, पुन्हा वाजवायची, पुन्हा थांबायची. रडायची नाही की हाका मारायची नाही.

"केवढा धीर आहे बघ पोरीला," भावोजी म्हणायचे. "तुझ्यावर नाही गेली."

"तुझ्यावर तरी कुठे गेलीय," ताई म्हणायची. "तुला भाजी चिरेपर्यंत दम निघत नाही."

फ्रिज त्यांना एका म्हाताऱ्या बाईंकडे मिळाला. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. गोल खांद्यांचा, जाड दाराचा, आताच्या फ्रिजसारखे दोन आत मावतील असा दणकट. पत्रा गंजलेला, रबर वाळून तुकडे पडलेलं, हँडल तर गायबच. पण भावोजींनी मागची मशीन बघितली आणि त्यांचे डोळे चमकले. घरातल्या माणसांकडे ते असे कधी बघत नाहीत, असं ताई हसून म्हणाली.

एक गोष्ट मात्र विचित्र होती.

दाराला खालच्या बाजूला भोकं होती. वेडीवाकडी, एकमेकांना खेटून पाडलेली.

भावोजींनी दार उघडून आतून बोट फिरवलं. पत्र्याच्या कडा आतल्या बाजूला वळलेल्या होत्या.

"बाहेरून पाडलीत. ड्रिल मशीननं. कुणी केला हा उद्योग?"

बाई ताडपत्रीची घडी घालत राहिल्या. फ्रिज टेम्पोत चढला, दोर बांधून झाले, तेव्हा त्या जवळ आल्या.

"काय करायचं ते करा. भोकं तेवढी राहू द्या."

"अहो आजी, भोकं ठेवली तर गार कसा होणार?"

"गार नका करू," बाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

टेम्पोत दोघं खूप हसले. गार न करायचा फ्रिज. दोन मैल हाच विषय.

एका हॉटेलवाल्याला दर्शनी भागात मांडायला असाच फ्रिज हवा होता. पण सगळं त्या काळचं हवं, हँडलसुद्धा.

इथे एक सांगायला हवं. पूर्वीच्या फ्रिजची दारं आतासारखी लोहचुंबकाने चिकटत नसत. बाहेर हँडल, आत पोलादी खटका. दार लोटलं की खटका पडायचा, आणि मग हँडल ओढल्याशिवाय ते उघडायचं नाही. हँडल बाहेर. आतून कितीही ढकललं तरी काही उपयोग नाही.

भावोजींनी भंगारवाल्यांकडे हेलपाटे घालून तसला खटका मिळवला. तेल दिलं, बसवला, दार लोटलं.

खट्ट.

"आवाज ऐक," ते म्हणाले. "आवाज ऐक नुसता."

"घरात पोर आहे," ताई म्हणाली.

"म्हणून तर पट्टा बांधतोय ना. आणि आतल्या जाळ्या निकेल चढवायला दिल्यात, त्या एकदा बसल्या की मांजरसुद्धा शिरणार नाही."

फ्रिजभोवती जाड पट्टा आला. त्याची कडी उंचावर, ठकीचा हात पोचणार नाही अशी. पुढचे पाय भावोजींनी जरा उंच केले, म्हणजे दार सोडलं की आपलं आपण मिटतं. जुन्या कारागिरांची पद्धत.

भोकं ताईने बुजवली. आतून पत्रा लावला, बाहेरून पुट्टी, मग घासणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. वर फिकट हिरवा रंग. शेवटी डोळे मिटून दारावरून तळवा फिरवला तर भोकं कुठे होती ते तिचं तिलाच सांगता येईना.

मग दाराच्या नव्या रबराची परीक्षा. दार नीट मिटतं का ते बघायला खोलीत अंधार करायचा, पेटता टॉर्च फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दार लावायचं. फटीतून उजेड दिसला तर काम कच्चं.

तिघंही अंधारात फ्रिजसमोर बसले. ठकी मधे.

कुठेच उजेड नव्हता.

"वरच्या कोपऱ्याची मला शंका आहे," भावोजी म्हणाले. "खरं तर एकाने आत बसून बघायला हवं. आतून लगेच कळेल."

"मी बसते," ठकी म्हणाली.

"तू बसलीस तर दूध कुठे ठेवायचं?"

तिघंही हसले.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं.

दुपारची वेळ. भावोजी बाहेर गेले होते. ठकी ताईच्या मांडीवर झोपली होती, आणि ताई तिच्या केसांतून बोटं फिरवत नुसती बसली होती.

टक. टक. टक.

आवाज फ्रिजमधून आला. खालच्या बाजूने.

ताईने ठकीला हलकेच खाली ठेवलं. पट्टा सोडला. हँडल ओढलं.

रिकामा. गार हवा तेवढी पायांवर आली.

भावोजी संध्याकाळी म्हणाले, "मशीन थांबली की पत्रा आकसतो. नवा रंग आहे, नवं रबर आहे. बसेल हळूहळू."

पटण्यासारखं होतं. पण पत्रा आकसला तर तो सगळीकडून वाजेल...

हा आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. जिथे ताईने पुट्टी भरली होती तिथून.

पुढच्या दुपारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. ताई एकटी जागी असली की हमखास. एकसारखा, घाई नसलेला आवाज. ती उठायची, पट्टा सोडायची, उघडायची. रिकामा. बंद करायची, पट्टा बांधायची, बसायची.

बूड टेकतंय न टेकतंय तोच...

टक. टक. टक.

एकदा तिने फ्रिजची वायरच काढून टाकली.

तरी वाजला.

भावोजी घरी असले की मात्र चिडीचूप. "तुला पाहून लाजतो वाटतं," ताई म्हणाली. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग एका रात्री जरा चिडूनच म्हणाले, "दर वेळी उठतेस कशाला? लक्ष देऊ नकोस. चार वेळा उठली नाहीस की आपोआप ऐकू यायचं बंद होईल."

त्या दिवशी, ज्या दिवशी जाळ्या यायच्या होत्या, फ्रिज सकाळीच वाजला. भावोजी जाळ्या आणायला नुकते बाहेर पडले होते. ताईचे हात रंगाने बरबटलेले. तिने ते पुसले, पट्टा सोडला, उघडलं.

रिकामा.

दार आपलं आपण मिटलं. खट्ट.

ताईने पट्टा हातात घेतला. त्याच्याकडे बघितलं. सारखी सोडबांध करून त्याची कडी बोटांना काचत होती. आज जाळ्या बसणारच होत्या.

तिने पट्टा कोपऱ्यात भिरकावला.

"वाज हवा तेवढा," ती फ्रिजला म्हणाली. "मी काही आता उठायची नाही."

फ्रिज गप्प झाला.

दुपारी जेवण झालं. ठकीला तिने आतल्या खोलीत झोपवलं, अंगावर चादर घातली, दार ओढून घेतलं. मग मागच्या ओट्यावर एक जुना पंखा घासायला बसली. ऊन चांगलं होतं. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

बऱ्याच वेळाने पुढच्या खोलीतून आवाज आला.

टक... टकटक.

ताईचा हात थांबला.

आजची टकटक वेगळी होती.

तिला ते जाणवलं होतं. हे तिने मला सांगताना माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. कानाला कळलं होतं. पण मनाने दिवसभर एकच गोष्ट धरून ठेवली होती, की उठायचं नाही.

टक... टकटक.

मग थांबला. जसं कुणी उत्तराची वाट बघतंय.

टक... टकटक.

हाक नाही. रडणं नाही.

ताईने पॉलिश पेपर उचलला आणि पंख्याचं पातं जोरजोरात घासायला लागली, म्हणजे आवाज ऐकू येणार नाही.

बराच वेळ वाजत राहिलं. मग अंतर पडायला लागलं. मग एकदाच... टक.

मग काही नाही.

तिला बरं वाटलं. मी जिंकले, असं वाटलं तिला.

भावोजी जाळ्या घेऊन आले तेव्हा चहाची वेळ झाली होती. आल्या आल्या म्हणाले, "टॉर्च कुठाय गं? वरचा कोपरा एकदा बघून घेतो, मग जाळ्या बसवतो."

"तिथेच खुंटीवर असेल."

"नाहीये. ठकीने घेतला असेल. कुठाय ती?"

"झोपलीय."

ताई आत गेली. चादर जमिनीवर होती. पलंग रिकामा.

ती पुढच्या खोलीत आली. पडदे ओढलेले होते. कुणीतरी नीट ओढले होते, अगदी खालच्या बाजूने धरून. खोलीत अंधार होता, आणि त्या अंधारात फ्रिजच्या फटीतून कुठूनही उजेड दिसत नव्हता.

काम चोख झालं होतं.

भावोजींनी हँडल ओढलं.

आत टॉर्च अजून चालू होता.

पुढचं मी लिहिणार नाही. ज्यांच्या कुशीत लेकरू आहे त्यांनी ते वाचायचीही गरज नाही.

सगळं उरकून माणसं आपापल्या घरी गेली, त्या दिवशी ताईने ड्रिल मशीन काढली. भोकं कुठे होती ते तिला शोधावं लागलं नाही. एकामागून एक पाडत गेली, वेडीवाकडी, एकमेकांना खेटून. रंगाचे कपचे उडत होते. भावोजी म्हणाले, "आता काय उपयोग?"

"तिला हवा लागेल," ताई म्हणाली.

आणि मग तिला कळलं, ती आधीची भोकं कुणी पाडली होती. आणि कधी.

ती त्या म्हाताऱ्या बाईंकडे गेली. बाई दारातच भेटल्या. ताईच्या हाताकडे बघितलं. फिकट हिरव्या रंगाने नखं भरलेली. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. एवढंच विचारलं...

"उघडायचं कधी सोडलंत?"

"त्याच दिवशी सकाळी," ताई म्हणाली.

"मी आदल्या दिवशी."

मग ताईने विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर नेला असतात का?" बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. "तो इथून गेला तेव्हापासून मला झोप लागते."

भावोजींनी ते काम सोडलं. आता नोकरी करतात, उशिरा घरी येतात, पुढच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. फ्रिज घासून विकण्याची भाषा त्यांनी एकदा काढली. ताईने विकू दिला नाही.

मी मधे तिच्याकडे जाऊन आले. माझा मुलगा मांडीवर होता. तो ठकीनंतरचा, तिला त्याने पाहिलेलंही नाही. आता कुठे धरून धरून उभा राहतो. ताई त्याच्या तळपायांना हात लावत होती, तेवढ्यात...

टक. टक. टक.

मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

ताई उठली. उघडलं. आत वाकून बघितलं. बंद केलं. येऊन बसली.

"ही नाही," ती म्हणाली. "हा दुसराच कुणीतरी आहे. रोज उठवतो मला. ठकीची टकटक आली की मी ओळखेन."

"आली कधी?"

तिने मान हलवली. "एकदाही नाही. पण येईल. तिला धीर आहे."

संध्याकाळी मी घरी परतले. न्हाणीघराचं दार ओढून हातपाय धूत होते. बाहेर मुलगा दाराला धरून उभा राहिल्याचा आवाज आला. मग...

टक... टकटक.

आणि थांबला.

मी ओल्या हातानेच दार उघडलं. त्याने मला बघून हात पुढे केले नाहीत. हसला नाही. तो ताठ उभा होता. वाट बघत.

ताईला मी हे सांगितलेलं नाही.

आमच्या घरात आता कुठल्याच दाराला कडी नाही, कपाटांनाही नाही. सगळी दारं दिवसभर सताड उघडी असतात. तरी तो जातो आणि उघड्या दारावर वाजवतो. तसंच. मग थांबतो, माझ्याकडे बघत.

त्याला काय हवंय ते मला ठाऊक आहे. मी "कोण आलंय?" असं विचारायला हवंय.

माझी हिंमत होत नाही.